हसून दाखवा

बोटाचे टाके काढून घ्यायला आजी प्लास्टिक सर्जनच्या बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर आत्या आणि भाची. भाचीच्या ओठाची कड वाफेने भाजून ओढली गेली होती.

“त्या मोठ्या दवाखान्यात काय वाईट होतं गं? कॉम्प्युटरवर नवा चेहरासुद्धा दाखवला,” आत्या म्हणाली.

“दाखवला ना. तो माझा नव्हताच. वर म्हणाले, नाकही करून घ्या.”

“नाकाला काय धाड भरलीय? आपल्या घराण्याचं नाक आहे ते!”

“म्हणून तर उठले तिथून.”

“आणि हे तुझे डॉक्टर? व्रण जाईल म्हणाले?”

“पूर्ण नाही जायचा. पण ओठ सैल होईल, तोंडभर हसता येईल.”

“एवढ्यावर भुललीस?”

“भुलले नाही आत्या, निवडलं. यांनी आधी विचारलं, पूर्वी कशा हसायचात?”

“मग फोटो द्यायचा.”

“फोटोत मी कायम तोंड मिटून. म्हणून सांगितलं, मी थेट आत्यासारखी हसायचे.”

“अगं बाई! म्हणजे मला सोबतीला नाही, नमुना म्हणून आणलंस?”

“हो. आत गेलीस की हसायचं.”

“परक्या माणसापुढे? हसू म्हणजे काय नळ आहे, सोडला की आला?”

नाव पुकारलं. दोघी आत गेल्या. दार लागलं. मग आत्याचं हसू दार ओलांडून आलं, खदखदणारं, मधेच श्वास अडकणारं. आणि त्यामागून अगदी तसंच, थोडं दबकं, दुसरं.

“आजी, तुम्हाला थांबावं लागेल हं,” नाव पुकारणारी मुलगी म्हणाली.

“होऊ दे गं उशीर,” आजी म्हणाल्या.