सहा बोटांची दुमड

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. मृदंगवाले, तुम्हीही हात मोकळे करा. माऊल्यांनो, आपापली लेकरं मांडीवर घ्या. आता गोष्ट सांगायची आहे, पण गोष्टीच्या आधी एक प्रश्न!

घरी पाहुणा आला की त्याच्या उशीला कुठला अभ्रा घालता? सांगा, सांगा! धुतलेला, इस्त्रीचा, ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला! आणि स्वतःच्या उशीला? — तेलाचा डाग पडलेला. हसताय काय? माझ्याही घरी तसंच आहे! मग प्रश्न असा, की ज्याला आपण उत्तमातलं उत्तम दिलं, तो आपला झाला का? नवा अभ्रा मिळालेला जास्त जवळचा, की डागाचा मिळालेला?

घाई नको. उत्तर मी देत नाही. उत्तर देईल एक बाई, आणि तेही तोंडाने नाही — कात्रीने!

बोरखडी नावाचं गाव. तिथे द्वारकाबाई नावाची बाई. नवरा निवृत्तीराव शाळेत शिपाई. पदरी पाच लेकरं — भास्कर, शोभा, दिगंबर, लता आणि शेंडेफळ बेबी. घरात एक हातमशीन. आणि मंडळी, त्या मशीनवर त्या घरातलं काय काय म्हणून शिवलं जात नव्हतं? झबलं-टोपडं तिथलं. परकर-पोलकं तिथलं. निवृत्तीरावांची जुनी खाकी विजार — तिची दप्तरं झाली, दोन पायांची दोन! सिमेंटच्या धुतलेल्या गोणीची बाजाराची पिशवी. चिंध्या उरल्या, त्यांची बेबीची बाहुली. बाहुलीच्या पोटात काय भरलं? चिंध्यांच्याही चिंध्या!

दर दोन वर्षांनी गावच्या भैरोबाच्या जत्रेला नवे कपडे. आणि ते कसे? एका ताग्यातले! पाचही जणांना एकच कापड. मुलींना फ्रॉक, मुलग्यांना शर्ट, आणि उरलं तर खिडकीला पडदा. एका वर्षी काय झालं, दिगंबर पडद्यापुढे उभा राहिला, आणि बाप सगळ्या आळीत त्याला शोधत फिरला! "अहो, घरातच आहे तो," द्वारकाबाई म्हणाल्या, "जरा पडदा हलवून बघा, हसेल!"

पण नुसतं शिवणं वेगळं आणि द्वारकाबाईंचं शिवणं वेगळं. कापड आणलं की ती आधी रात्रभर भिजवायची, मग वाळवायची, मगच कात्री. का बरं? विणताना धागा मागावर ताणलेला असतो. पाण्यात पडला की ताण सोडतो आणि आपल्या खऱ्या लांबीवर येतो. शिवल्यावर आटण्यापेक्षा आधी आटलेलं बरं! माणूससुद्धा, मंडळी, नातं जोडायच्या आधी एकदा भिजवून बघावा. खरी लांबी कळते!

आणि तिची खरी करामत होती आतल्या बाजूला. प्रत्येक फ्रॉकच्या खाली सहा बोटांची दुमड. सहा बोटं म्हणजे साधारण साडेचार इंच. पोर वाढलं की वरची टीप उसवायची, एक पदर सोडायचा. पुन्हा वाढलं, पुन्हा सोडायचा. मुलग्यांचे शर्ट तर गुडघ्यापर्यंत! भास्कर वर्गात उभा राहिला की मास्तर विचारायचे, "काय रे, आज विजार घातली आहेस ना?" वाढत्या अंगाचे कपडे, दुसरं काय! आणि द्वारकाबाईंना त्याचा अभिमान केवढा! नळावर चारचौघींत म्हणायच्या, "माझ्या घरचा कपडा दोन वर्षं अंगाला अपुरा पडत नाही. पडला तर माझं मशीन विहिरीत टाका!"

शेजारच्या गोदाकाकू म्हणायच्या, "विहिरीत नको गं बाई, मला दे!"

आता ऐका. त्या वर्षी जत्रा महिन्यावर आली होती. ताग्यातलं मोरपंखी कापड, त्यावर पांढरे ठिपके. पाच कपडे बेतून, कापून, शिवून झाले. सांगायला अर्धी वीत कापड उरलं नाही. आणि अशा वेळी दारात कोण उभं? भागवतराव. द्वारकाबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बहीण पावसाळ्यात तापाने गेली होती. भागवतराव ट्रकवर, आठ-आठ दिवस घराबाहेर. हाताशी नऊ वर्षांची पोर. तिचं नाव कुमुद.

"आक्का," भागवतराव खाली बघत म्हणाले, "तालुक्याला वसतिगृहात नाव घातलंय हिचं. पण पाठवायला मन होत नाही. जत्रेपर्यंत ठेवून बघा. रमली तर तुमची. नाही रमली तर जत्रेच्या दिवशी येतो आणि घेऊन जातो."

म्हण आहे ना आपल्यात? माय मरो पण मावशी उरो! म्हण सोपी आहे हो. पण मावशी नुसती उरून भागतं का? मावशीला पुढे कामही असतं!

कुमुद राहिली. आणि कशी राहिली? अगदी शहाण्यासारखी! हीच तर पंचाईत! सकाळी उठली की अंथरुणाची घडी घालून भिंतीशी. ताटात वाढलं तेवढं खाल्लं. "अजून घे गं." "नको, पुरे." पाच पोरं शेवेसाठी एकमेकांच्या झिंज्या ओढतायत आणि ही बाजूला बसून बघतेय! आयाबायांनो, तुमचं पोर अचानक शहाण्यासारखं वागायला लागलं तर आनंद होतो की छातीत धस्स होतं? — खरं बोललात, दुसऱ्या रांगेतल्या आजी!

द्वारकाबाईंना एक गोष्ट टोचत होती. पाच कपडे तयार आणि सहावा नाही. निवृत्तीराव सायकल मारत बाजाराला गेले. दुकानदार म्हणाला, "तो तागा संपला साहेब, तुम्हीच तर सगळा नेलात!" मग निवृत्तीरावांनी काय करावं? मोठ्या मनाचा माणूस! त्यांनी तयार फ्रॉक आणला. गुलाबी साटीनचा, झालरीचा, कमरेला पट्टा, पट्ट्याला चमकणारा बिल्ला! घरात नुसता गोंधळ! लता म्हणाली, "कुमुदची मज्जा आहे बाई!" शोभाने बिल्ल्याला हात लावून बघितला. गोदाकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "स्वतःच्या पोरींना घरचं आणि बहिणीच्या पोरीला दुकानचं! वा, द्वारके! मावशी असावी तर अशी!"

द्वारकाबाईंची मान ताठ झाली. कुणाची होणार नाही?

कुमुदने फ्रॉक घेतला. छान आहे म्हणाली. मग त्याची घडी घातली आणि ज्या कागदात आला होता त्याच कागदात पुन्हा बांधून ठेवला.

"घालून तर बघ गं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"जाताना घालीन."

"जाताना? कुठे जाताना?"

"बाबा न्यायला येतील ना, तेव्हा."

मंडळी, एवढंच बोलली ती. रडली नाही, रुसली नाही. मागच्या दारी दोरीवर पाच मोरपंखी कपडे वाळत होते, तिकडे गेली. हात पुसून घेतले, आणि त्यातल्या एकाच्या काठाला नुसतं बोट लावून बघितलं. मग आत आली.

द्वारकाबाईंनी ते खिडकीतून पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! अरे, आपण हे केलं काय? पोरीला सगळ्यांहून चांगलं दिलं — आणि सगळ्यांहून वेगळं काढलं! उद्या जत्रेत गाव म्हणेल, ही मोरपंखी पाच द्वारकेची. आणि ती गुलाबी? ती पाहुणी! आपण तिला फ्रॉक नाही दिला, आपण तिला परतीचं तिकीट दिलं!

जत्रेला राहिले होते दोन दिवस. कापड तर संपलेलं. करायचं काय? तुम्ही असता तर? जुना पडदा? तो मागच्या ताग्याचा, लाल! रंगवलं तर? ठिपके कुठून आणायचे! द्वारकाबाई दुपारच्या उन्हात दोरीपुढे उभ्या राहिल्या. एकेक कपडा हाताने चाचपत गेल्या. आणि हात एका जागी थांबला. खाली. आतल्या बाजूला. दुमडीवर!

कापड होतं की! सहा-सहा बोटं होतं! पण ते कुणाचं होतं? पुढच्या वर्षीच्या शोभाचं. त्याच्या पुढच्या वर्षीच्या लताचं. आणि नळावर केलेल्या त्या बढाईचं! ती दुमड काढली, म्हणजे पुढच्या जत्रेला पोरींचे गुडघे उघडे आणि पोरांचे शर्ट आखूड. गाव हसणार. मशीन विहिरीत!

द्वारकाबाईंनी पाचही कपडे काढले, ओसरीवर बसल्या, दाढीचं पातं घेतलं आणि टीप उसवायला सुरुवात केली. टर्र, टर्र, टर्र!

पोरं शाळेतून आली. भास्कर ओरडला, "आई! माझा शर्ट का फाडतेस?"

"फाडत नाही. आखूड करतेय. कुमुदला फ्रॉक शिवायचा आहे."

"पण तिच्याकडे दुकानातला आहे!"

"म्हणूनच शिवायचा आहे."

शोभा हुशार. तिने दुमड बघितली, आईकडे बघितलं. "पुढच्या वर्षी आमचे गुडघे दिसतील."

"दिसू देत. देवाने सगळ्यांना दिलेत."

दिगंबर म्हणाला, "माझ्या शर्टातलं कितीही घे. धावताना पायात येतो तो!" आणि बेबी? चार वर्षांची बेबी पुढे आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्यातलं सगळ्यात जास्त घे. मी तर वाढतच नाही!"

आता जरा बारकाईने ऐका, कारण हे नुसतं पुण्य नाही, हे शास्त्र आहे! पट्ट्या पाच, आणि पाचही वेगवेगळ्या लांबीच्या. त्यांचा एक फ्रॉक कसा होणार? भास्करच्या शर्टातून वीतभर निघालं, त्याचा छातीचा भाग झाला. त्याच्या लांब बाह्या अर्ध्या केल्या, त्यातून कुमुदला दोन बाह्या. दिगंबरच्या शर्टातली वीतभर पट्टी कमरेला. त्याखाली बेबीची पट्टी, कारण तिच्या फ्रॉकचा घेर सगळ्यात कमी. तिच्याखाली लताची. आणि सर्वांत खाली, सर्वांत मोठ्या घेराची, शोभाची. घेर वरून खाली वाढत गेला, पायऱ्या-पायऱ्यांचा! द्वारकाबाईंनी मोजून बघितलं — काखेपासून गुडघ्यापर्यंत बरोबर. शेवटी खाली मुडपायला कापड उरलं अर्धं बोट. या फ्रॉकला वाढ नाही! आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईने वाढ न ठेवता कपडा शिवला.

मग हाक मारली, "कुमुद, इकडे ये. उभी राहा." डोक्यावरून फ्रॉक घातला. कुमुदने खाली बघितलं. पट्ट्यांचे जोड दिसत होते. ठिपके कुठे जुळले होते, कुठे अर्धे कापले गेले होते.

"हा कुठला?" तिने कमरेच्या पट्टीला हात लावला.

"तो माझा!" दिगंबर म्हणाला.

"हा?"

"माझा! माझा!" बेबी नाचायला लागली. "मी जास्त दिलं!"

"खोटारडी, माझा जास्त आहे, मोजून बघ!" लता म्हणाली. आणि सुरू झालं भांडण! कुमुद मध्ये उभी, आणि चारी बाजूंनी पोरं तिच्या फ्रॉकवर आपापली हद्द आखतायत. आणि ती? ती गोल गोल फिरून दाखवत होती!

कुंपणावर गोदाकाकू होत्याच. "द्वारके, हे काय गं? सगळ्यांचे कपडे आखूड! यंदा तुझ्या घरचा कपडा वर्षभरसुद्धा पुरायचा नाही!"

द्वारकाबाई म्हणाल्या, "काकू, पाच जणांना तर नेहमीच पुरतो. यंदा पहिल्यांदा सहांना पुरला!"

क्या बात है! बोला, अशा बाईचा अभिमान गावाने धरावा की नाही?

जत्रेचा दिवस. पालखी निघाली, गुलाल उडतोय, हलगी कडाडतेय. भागवतराव आले. हातात पोरीसाठी पत्र्याची नवी ट्रंक, वसतिगृहात लागते म्हणून. देवळापाशी उभे राहून शोधायला लागले. आपली बुजरी पोर, कुठेतरी खांबाआड असेल, एकटी असेल. समोरून मोरपंखी ठिपक्यांची एक रांग पळत गेली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. भागवतरावांनी त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे बघितलं.

"आक्का, कुमुद कुठाय?"

द्वारकाबाई नुसत्या हसल्या.

"आक्का, दिसत नाही हो!"

"आत्ता तुमच्या पुढून गेली."

भागवतराव वळले. रांग थांबली होती. तिसरी पोर मागे फिरली. केस विस्कटलेले, गालाला गुलाल, तोंडात बत्तासा. धावत आली. बापाने ट्रंक खाली ठेवली, दोन्ही हात पसरले. पोर मिठीत शिरली, घट्ट धरलं तिने बापाला. आणि मग, मंडळी, मान वर करून काय म्हणाली?

"बाबा, दमलात ना? घरी चला. बसा जरा. मी पाणी देते."

भागवतराव तिच्याकडे बघत राहिले. ट्रक चालवणारा माणूस. कुठल्या रस्त्याला वळायचं ते त्याला दोनदा सांगावं लागत नाही! डोळे पुसले. ट्रंक उचलली आणि द्वारकाबाईंच्या हातात दिली.

"असू द्या आक्का. सहा जणांच्या कपड्यांना लागेल."

मंडळी, उत्तर मिळालं? द्वारकेने बाजारातून आणलेलं दिलं, तेव्हा पोर पाहुणी राहिली. पोरांच्या शिवणीतून काढून दिलं, तेव्हा पोर घरची झाली. उरलेलं देणं सोपं. विकत आणून देणं त्याहून सोपं. उद्यासाठी राखलेलं आज उसवून देणं — तिथे खरा कस लागतो!

आता जरा आपापल्या घराकडे वळा. तुमच्या घरात सून आली. पहिल्या दिवशी भरजरी शालू दिलात, फोटो काढलात. पण स्वयंपाकघरातला तुमचा अधिकार बोटभर तरी आखूड केलात का? म्हातारे वडील गावाहून तुमच्याकडे राहायला आले. त्यांना नवी खोली दिलीत, नवा पंखा लावलात. तुमचा संध्याकाळचा एक तास काढून दिलात का? अहो, ते अजून चप्पल दाराशी, तोंड रस्त्याकडे करून ठेवतात! कधी बघितलंत? का ठेवतात, कधी विचारलंत?

हसू गेलं ना तोंडावरचं? जाऊ दे. आज घरी गेलात की दिवा लावायच्या आधी आपल्या माणसांकडे एकदा नीट बघा. कुणी फार शहाण्यासारखं वागत असेल, तर कात्री घ्या आणि आपली दुमड उसवा. गुडघे उघडे पडतील, पडू देत. देवाला उघडे गुडघे चालतात, घरात परकं राहिलेलं लेकरू चालत नाही!

उचला टाळ! लेकरांनाही टाळ्या वाजवू द्या. आणि हात वर करून, सगळे मिळून, एका सुरात — बोला, पांडुरंग हरी!