नेदर पिलिंगचा स्टॅलब्रीशी काडीचाही संबंध नाही

...आणि वर तो हसतो हो! हसून मला विचारतो, "मिस्टर रिडाउट, आपण बूट कुठून घेता?" आता तुम्हीच सांगा, लंडनहून आलेला माणूस, काळी टोपी, चामड्याची बॅग, नखं धुतलेली, तो माझ्या खोगिरं शिवायच्या दुकानात उभा राहून माझ्या बुटांची चौकशी करतो, ती काय माझ्या पायांच्या काळजीनं? मी सुई खाली ठेवली. म्हटलं, कथबर्ट, सावध! इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

बरं, एवढ्यावर थांबेल तर शपथ! "सिनेमाला कुठं जाता? दात दुखला तर कुठं? गुरुवारच्या बाजाराला कुठं?" आणि मी एकेक उत्तर दिलं की तो आपला शेजारच्या शहराचं नाव वहीत टिपतोय... स्टॅलब्री, स्टॅलब्री, स्टॅलब्री. मग बॅगेतून नकाशा काढला. आमचं नेदर पिलिंग त्यावर केवढं? माशी बसली तर झाकून जाईल एवढं! आणि त्याच्या कडेनं पेन्सिलीनं एक फिकट रेघ. मी म्हटलं, "ही कसली?" तर म्हणतो, "काही नाही, नुसती ओढून बघितलीय." नुसती! तुम्हाला सांगतो, रेघ कुणी फुकट ओढत नाही!

सरकारनं कमिशन नेमलं होतं ना, हद्दी नव्यानं आखायला, हा त्यांचाच माणूस. लढाई संपून तीन वर्षं झाली, साखर अजून रेशनवर, लोणी रेशनवर, कोळसा मिळेल तेव्हा खरा... आणि यांना सुचतंय काय, तर हद्दी! कुठलं गाव कुठल्या शहराला जोडायचं, कुठली परगण्याची शीव कुठं सरकवायची. आणि कसं ठरवणार? तर गावकऱ्यांचं येणंजाणं जिथं, तिथं गाव जोडायचं. म्हणजे बघा हं, मी स्टॅलब्रीत जाऊन एक दात उपटून आलो, की माझ्या दाताच्या पाठोपाठ अख्खं गाव स्टॅलब्रीच्या घशात! तिथली नगरपालिका तर टपूनच बसलेली. त्यांच्या गटारीला उतार पाहिजे, आणि उतार आमच्या कुरणात आहे... हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण मी ओळखलं.

त्याच आठवड्यात शाळेत सभा भरवली. मी चेअरमन, कारण खुर्चीजवळ मीच उभा होतो. ठराव काय? कमिशनचा निकाल लागेपर्यंत नेदर पिलिंगच्या एकाही माणसानं स्टॅलब्रीच्या बसमध्ये पाय ठेवायचा नाही! टाळ्या! ज्यांच्या तोंडात दात होते त्यांनी जरा कमी वाजवल्या, पण वाजवल्या. आणि आमच्या पोस्टाच्या मिस पार्जिटर... बाई बारीक, पण डोळा घारीचा... त्या म्हणाल्या, "चेअरमनसाहेब, थांब्यासमोरच माझी खिडकी आहे. कोण चढतंय ते मी बघते." बघते म्हणजे काय, वही केली हो बाईंनी!

मी घरी येऊन ऐटीत सांगितलं, तर आमची विनी बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, आणि ताईंचं काय?"

हेस्टरताई, माझी थोरली बहीण. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनं. स्टॅलब्रीत एकटी राहते, वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. दर गुरुवारी मी सकाळच्या बसनं जायचो, पंचवीस मिनिटांचा रस्ता, तिचा कोळसा तळघरातून वर आणून ठेवायचो, लाकडं फोडायचो, आणि ती मला गुर्द्याचं गरमागरम पुडिंग खायला घालायची. तेवीस वर्षं, तुम्हाला सांगतो, एक गुरुवार चुकला नव्हता, बॉम्ब पडत होते तेव्हासुद्धा!

म्हटलं, विनी, चार-सहा आठवड्यांचा तर प्रश्न. चेअरमनच बसमध्ये बसला तर गाव काय म्हणेल? विनी म्हणाली, "गाव काय म्हणेल ते कळलं. ताई काय म्हणतील?" मी विषय बदलला.

पहिल्या गुरुवारी बस आली. रिकामी. कंडक्टर एमस दारात लोंबकळून मला म्हणतो, "काय मास्तर, आज तब्येत बरी नाही का?" मी कुंपणाकडं तोंड करून उभा! दुसऱ्या गुरुवारी "घरी भांडण झालं का?" तिसऱ्या गुरुवारी तो नुसता बघायला लागला हो, आमच्या गावात प्लेग आल्यासारखा. चार आठवडे झाले, आठ झाले, बारा झाले... कमिशन कुठं घाई करतंय! गावात दात सुजले, चष्मे फुटले, पण बसमध्ये कुणी चढलं नाही. आणि चढायची वाट बघत खिडकीत मिस पार्जिटर!

ताईचं पत्र आलं. "बर्टी, आजारी आहेस का? कोळसा खालीच आहे. मी कोट घालून बसते." बस्स, एवढंच. मी उत्तर लिहायला घेतलं, आणि पोस्टात तिकीट मागितलं तर मिस पार्जिटर कुजबुजतात, "चेअरमनसाहेब, पत्र म्हणजेसुद्धा येणंजाणंच. ते मोजत असतील." मोजत असतील! आणि मी, हा मूर्ख माणूस, पत्र खिशात घालून परत आलो! लाज वाटली हो मला. पण भीती जास्त वाटली. कारण रेघ कुणी फुकट ओढत नाही!

शेवटी सोळाव्या आठवड्यात चौकशी बसली. शाळेतच. कमिशनचे तीन साहेब, आणि मी बायबलवर हात ठेवून, पाद्र्यांसमोर, छाती पुढं काढून म्हणालो, "नेदर पिलिंगचा स्टॅलब्रीशी काडीचाही संबंध नाही!" स्टॅलब्रीचा वकील हसला. मी म्हटलं, हसा, बसवाल्यांना विचारा! विचारलं. बस कंपनीचा माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "सोळा आठवड्यांत नेदर पिलिंगला एकही तिकीट फाटलेलं नाही." मधले साहेब म्हणाले, "असा पुरावा आम्ही आजवर पाहिला नाही." जिंकलो! मिस पार्जिटर रडल्या. एकानं चर्चची घंटा वाजवली. पेपरात माझं वाक्य छापून आलं, नावासकट, ठळक अक्षरांत.

आणि पुढं काय झालं? सांगतो. महिन्याभरात सरकारनं ते कमिशनच गुंडाळलं! सगळं! सगळ्या रेघा, सगळे नकाशे, सगळ्या वह्या... केराच्या टोपलीत. कुणाचीच शीव हलली नाही. आम्ही काही केलं नसतं, तरी हेच झालं असतं! तरी मी म्हटलं, असू दे, सुटलो एकदाचे. गुरुवारी अंगावर चांगला कोट चढवला, टोपलीत सहा अंडी घेतली, थांब्यावर जाऊन उभा राहिलो. साडेआठ झाले. नऊ झाले. मग खांबावर कागद दिसला. "प्रवाशांअभावी नेदर पिलिंगची सेवा कायमची बंद."

मी तसाच भडकून कंपनीच्या ऑफिसात गेलो, शेजारच्या गावापर्यंत घोडागाडीतून. म्हटलं, हे काय चालवलंय? तिथल्या कारकुनानं शांतपणे टेबलाचा खण उघडला, आतून पेपरचं कात्रण काढलं आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं! "हे आपणच ना?" बायबलवर हात ठेवून बोललेलं, नाही कसं म्हणू?

मग अकराला तिथून चालत निघालो. सात मैल. अंडी हातात, बुटात टाचणीच्या डोक्याएवढा खडा, तो काढायलासुद्धा थांबलो नाही. दोन वाजता ताईच्या दारात उभा. तिनं दार उघडलं. वाळली होती हो. अंगात घरातल्या घरात कोट. मी तळघरात गेलो, कोळसा वर आणला, पुन्हा गेलो, पुन्हा आणला, पाच खेपा केल्या. शेगडी पेटली तेव्हा तिनं माझे बूट काढायला लावले, फोड बघितले आणि परातीत गरम पाणी ओतलं.

"मग?" ती म्हणाली. "तुमच्या त्या हद्दीचं काय ठरलं शेवटी?"

म्हटलं, "काही नाही गं ताई. होती तिथंच आहे. इंचभरसुद्धा हलली नाही."

"अस्सं," म्हणाली. माझ्या पायांकडं बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "मग बर्टी, माझं घर पंचवीस मिनिटांवरनं तीन तासांवर नेऊन ठेवलं कुणी रे?"

म्हटलं, ताई, पाणी निवतंय, जरा गरम घाल.