अर्धा कोयता आणि शाळेचं फाटक

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच सत्यशीलाताई, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका स्वप्नालीताई, आज अंगणवाडीतून निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती वनमालाबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या ऊसतोड करणाऱ्या आयाबहिणींनो,

तुमची एक तक्रार मी जन्मभर ऐकत आलो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुकादमाच्या वहीत नाव लागतं ते नवऱ्याचं. ऊस तुम्हीही तोडता, मोळी तुम्हीच उचलता, पण तुम्हाला नाव नाही. या अन्यायावर मी बीडपासून सिरसाळ्यापर्यंत भाषणं ठोकली, टाळ्या घेतल्या. आज मात्र मान वर करून बोलायला जड जातंय. का, ते सांगतो.

तीस वर्षांपूर्वी वनमालाबाईंना अंगणवाडीचं काम मिळालं. त्या गावात राहिल्या, म्हणून त्यांचे यजमान बजरंगराव अर्धा कोयता झाले. एकट्या माणसाला मुकादम घेईना. तेव्हा नवऱ्यानं टाकलेली सुरेखा माहेरी येऊन राहिली होती. तीही अर्धा कोयता. ही जोडी कुणी लावली? मी लावली! भर चावडीत हसत म्हणालो, "दोन अर्ध्यांचा एक पुरा झाला, कामाला लागा."

एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. सहा महिने उसाचा एक फड, राहायला एक खोप, एक चूल. त्यातून काय होईल, हे इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसाला कळू नये? गाड्या परत आल्या तेव्हा सुरेखाला दिवस गेले होते आणि वनमालाबाईंचा संसार मोडला होता.

पारावर बैठक बसली. मी दीड तास बोललो. शील, संस्कार, गावाची अब्रू, काही म्हणून सोडलं नाही. सुरेखा खाली मान घालून उभी होती. मध्येच तिनं विचारलं, "गुरुजी, जोडी तुमीच लावलती ना?"

मी म्हणालो, "खाली बस!" लोक हसले. त्या हसण्याचा मला आनंद झाला, हेही आज कबूल करतो.

तेवढ्यात वनमालाबाई उठल्या, नवऱ्याकडे बोट केलं. "माझं घर ह्या माणसानं मोडलंय. तुमी तिला कामून हाकलताव?"

"बाई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय," असं म्हणून मी त्यांनाही गप्प केलं. ठरलं की सुरेखानं ओढ्यापलीकडे राहायचं आणि गावच्या कार्याला पाऊल ठेवायचं नाही. बजरंगरावांना? त्यांना कुणी काही विचारलंच नाही. आजही ते तिसऱ्या रांगेत खुर्चीवर बसले आहेत. मान खाली घालू नका, बजरंगराव. तुमच्याआधी मला घालायची आहे.

सुरेखाची करिष्मा तीन वर्षांची झाली, तेव्हा वनमालाबाई ओढा ओलांडून गेल्या आणि तिचं बोट धरून तिला अंगणवाडीत घेऊन आल्या. हजेरीपटात आईचं नाव लिहिलं. वडिलांच्या जागी आपल्याच नवऱ्याचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. तेव्हा त्या हाताला काय वाटलं असेल? मी कधी विचारलं नाही. करिष्मा आज दवाखान्यात नर्स आहे. आपल्यापैकी कितीजणांनी तिच्याकडून सुई टोचून घेतली आहे! लेकीचा हात चालतो, आईची सावली चालत नाही.

परवा मी आमंत्रण घेऊन वनमालाबाईंकडे गेलो.

"कोण कोण येनार हाय, गुरुजी?"

"सगळं गाव."

"सुरेखा?"

मी आमंत्रणपत्रिका पुढे सरकवली.

"मंग सगळं गाव कसं म्हनता? माझी ओटी तिच्या हातानं भरायची आसंल तर येते. न्हाईतर मी आपली घरीच बरी."

मी विचारलं, "बाई, तिच्यावर राग नाही तुमचा?"

त्या म्हणाल्या, "लई व्हता. पर तुमचं भाषन ऐकलं, अन् तिच्यावरचा निम्मा तुमच्यावर गेला."

भगिनींनो, माझ्या भाषणांना खूप दाद मिळाली, पण इतकं खरं परीक्षण कुणी केलं नव्हतं. म्हणून काल मी ओढ्यापलीकडे गेलो, सुरेखाबाईंपुढे हात जोडले. त्या एवढंच म्हणाल्या, "फाटकापतुर येते. आत बोलावनं गावाचं काम हाय." त्या आल्या आहेत. शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभ्या आहेत. इथून दिसतात.

वनमालाबाई, निरोपाच्या दिवशी तुमचे गुण गायचे सोडून मी स्वतःचं पाप वाचून दाखवलं. तुमचे आभार कोणत्या तोंडानं मानू? अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. आज बोलण्यात काही चुकलं असेल तर पदरात घ्या. पण पारावरचं ते दीड तासाचं भाषण पदरात घेऊ नका, त्याची माफी मी फाटकाशी जाऊन मागणार आहे.

ओटीचं ताट तयार आहे. ते इथेच राहू द्या. पहिल्या रांगेतल्या बायांनो, टाळ्या वाजवू नका. उठा, माझ्याबरोबर फाटकापर्यंत चला आणि सुरेखाबाईंना हाताला धरून आत आणा.