चरक उभाच न्यायचा होता

जबाब

मी, हाफिज बाबालाल शिकलगार, वय ५४ वर्षे, धंदा पिकअप गाडीने मालवाहतूक, रा. वाघजाईवाडी, ता. शिराळा, जि. सांगली, आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारले म्हणून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी नूरजहां व मुलगी नौशीन यांच्यासह राहतो. गाडी माझ्या स्वतःच्या नावावर आहे. माझ्या गाडीतून आजवर कधी माल रस्त्यावर पडलेला नाही, हे आधी लिहून घ्यावे. कालचे नंतर लिहावे.

आमच्या गावचे आकाराम सावळा खोचरे यांना मी नाना म्हणतो व त्यांच्या पत्नी लीलाबाई यांना काकी. नाना फौजेत तोफखान्यात होते. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी ओढ्याकाठी गुऱ्हाळ घातले. माझ्या गाडीचे पहिले भाडे त्यांच्याच गुळाचे, कराडच्या मार्केट यार्डाला. तेव्हा मी ढेपा हाताला येतील तशा रचल्या होत्या. नानांनी त्या सगळ्या खाली उतरवायला लावल्या व म्हणाले, "आरं, जड माल मागच्या चाकाच्या पुढं घे, केबिनला टेकून. आन गाडी थांबली की दोर बघायचा. च्या प्यायला थांबलास तरी बघायचा. आमी तोफा बांधायचो तसं बांध." त्या दिवसापासून मी तसेच बांधत आलो आहे.

हंगामात गावाच्या वेशीपासूनच उकळत्या रसाचा वास यायचा. काकी उसाच्या कांडक्याला गरम गूळ लावून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात द्यायच्या. नको म्हटले तर शिव्या खाव्या लागत. रमजानमध्ये आमच्या घरी काकवीची बरणी यायची, ती नूरजहां ईदला शिरखुर्म्याने भरून परत पाठवायची. तीच बरणी कितीतरी वर्षे दोन्ही घरांत फिरत होती. हे तपासाच्या कामाचे नाही असे हवालदार साहेब म्हणाले. मी म्हणालो, लिहा.

पुढे गूळ रांधणारे गुळवे मिळेनात, ऊस कारखान्याला जाऊ लागला आणि गुऱ्हाळ बंद पडले. उसाचा रस काढायचा बिडाचा चरक तेवढा पत्र्याखाली उभा राहिला. नानांची मुलगी क्रांती फलटणकडे दिलेली आहे. तिने तिकडे स्वतःचे गुऱ्हाळ घालायचे ठरवले व वडिलांचा चरक मागितला. तो पोहोचवायचे काम माझ्याकडे आले. दुसऱ्या कोणाला दिले असते तर मी भांडलो असतो.

काल सकाळी जेसीबी बोलावून चरक उचलला. चरकाचे निम्म्याहून जास्त वजन वरच्या अंगाला असते, त्यामुळे तो आडवा झोपवून न्यावा असे माझे म्हणणे होते. काकी म्हणाल्या, "न्हाई. दर साली पूजा करून, नारळ फोडून चालू केलाय त्येला. आडवं मढं नेत्यात. लेकीच्या दारात आडवा जायाचा न्हाई." मी म्हणालो, "आवं काकी, वळणात कलंडला म्हंजी?" त्या म्हणाल्या, "मग तू कशाला हायस रं?" मी दोर आणायला गेलो. खरे सांगायचे तर बरे वाटले.

चरक हौद्यात उभा, केबिनला लागून ठेवला. बुडाला चारी बाजूंनी लाकडी ओंडके ठोकले व त्यांच्याभोवती वाळूची पोती दाबली. खालून दोन दोर आवळले. तिसरा दोर चरकाच्या वरच्या अंगाला, गळ्यापाशी वेढून हौद्याच्या चारी कड्यांना ताणला. उभा माल त्या वरच्या दोरामुळेच उभा राहतो. नानांनी तो हाताने ओढून पाहिला व "ठीक हाय" म्हणाले. नानांच्या तोंडून एवढे निघाले म्हणजे खूप झाले.

नाना व काकी माझ्यासोबत केबिनमध्ये बसून निघाले. वाटेत भैरेवाडी हे काकींचे माहेर लागते. तिथे त्यांचे भाऊ नाथाजी यांनी गाडी अडवली. चरकाला ओवाळायचे आधीच ठरले होते, ते मला माहीत नव्हते. बायका ताटे घेऊन आल्या. हळदकुंकू झाले, झेंडूची माळ घातली, लेक सासरी निघावी तशी चरकाची ओटी भरली. मला व नानांना कट्ट्यावर बसवून चहा दिला. काकींनी जुन्या हंगामातला राखून ठेवलेला गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला. तो काळा पडला होता. तोंडात टाकला आणि ओढ्याकाठचे सगळे डोळ्यांसमोर आले. उकळत्या रसाच्या काहिलीवर वाकलेले नाना, चिपाडांच्या ढिगावर उड्या मारणारी लहानपणीची नौशीन, उतरवून ठेवलेल्या ढेपांवर बसून माझ्याकडे बघणारा मोती कुत्रा. ते दिवस आता कुठे मिळणार? मला रडू आले. कोणाला दिसू नये म्हणून मी उठून केबिनमध्ये बसलो व गाडी सुरू केली. काकी मध्ये बसल्या, नाना खिडकीला.

पुढे खिंडीच्या उतारावर डावे वळण आहे. गाडी हळूच होती. वळणात मागून मोठा आवाज झाला आणि गाडी एकदम हलकी लागली. चरक हौद्याच्या उजव्या बाजूचा फाळका मोडून रस्त्यावर आडवा पडला होता. समोरून दुचाकीवर येणाऱ्या सयाजी नावाच्या गृहस्थांनी दुचाकी सोडून उडी मारली म्हणून ते वाचले, पण त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. दुचाकीचा चुराडा झाला. त्यांच्या दवाखान्याचे मी बघतो आहे. चरकाच्या गळ्यात झेंडूची माळ तशीच होती. दोर नव्हता. काकी रस्त्यावरच बसल्या आणि पदराने चरकावरची धूळ पुसू लागल्या.

वरचा दोर कोणी सोडला, असे मला विचारण्यात आले. तो नीट गुंडाळून केबिनमध्ये काकींच्या पायाशी ठेवलेला मिळाला. यापेक्षा जास्त मला सांगायचे नाही. या घडीला बाहेरच्या बाकावरून काकी मोठ्याने म्हणत आहेत, "म्या सोडला! द्येवाच्या गळ्याला फास नगं म्हनून म्या सोडला. केस माज्यावर घ्या." नाना म्हणत आहेत, "तू गप बस. दोर म्या बघाया पायजे हुता. माजं नाव लिवा." हे मला ऐकू येते. ते लिहू नका, असे मी सांगितले होते. हवालदार साहेबांनी लिहिले.

माझे म्हणणे एवढेच की गाडी थांबली की दोर बघायचा, हे मला शिकवलेले आहे. भैरेवाडीत मी तो बघितला नाही. सोडणारे कोणीही असो, गाडी माझी, बघणारा मी. केस माझ्यावर घ्यावी. परवान्याचे काय व्हायचे ते होईल. हाफिजच्या गाडीतून माल पडत नाही असे लोक म्हणायचे, ते आता म्हणणार नाहीत. त्याचे मला फार वाईट वाटते, तेही लिहावे.

मघाशी काकी आत येऊन हळूच म्हणाल्या, "आडवाच ने आता. पडायचा त्यो पडलाच की." त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. चरकाच्या चाकाचा एक दाता तुटला आहे, बाकी तो धड आहे. तिकडे क्रांती दारात रांगोळी काढून वाट बघते आहे. म्हणून विनंती की पंचनामा झाल्यावर व फाळका दुरुस्त झाल्यावर चरक माझ्याच गाडीत चढवू द्यावा. मी तो उभाच नेईन. वरचा दोर काकींनी त्यांच्या हाताने बांधावा. मी बघेन.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितल्याप्रमाणे तो खरा व बरोबर आहे. दार उघडे असल्याने तो बाहेर लीलाबाईंनीही ऐकला. त्यांना तो मान्य नाही.