बायांचा पगार

चौबे कॉलोनीतल्या बँकेच्या रांगेत माझ्या पुढं एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक उभी होती. लेक दवाखान्यांना साफसफाईच्या बाया पुरवते, हे त्यांच्या बोलण्यातूनच कळलं.

“काम दुप्पट झालं म्हणतं, कौमुदी, मग पैसा काहून कमी पडून राहिला?”

“म्हणूनच कमी पडून राहिला, बाबा. दवाखाने बिल तीन महिन्यांनी देतात. बायांले पगार दर महिन्याले द्या लागते. जेवढ्या बाया वाढल्या, तेवढा पैसा आधी मलेच टाका लागते.”

“मग नवीन काम घेऊ नको.”

“कालच घेतलं. त्याच मालकाचा दुसरा दवाखाना हाय. नाही म्हटलं असतं तर पहिलाही हातातून गेला असता.”

“बायांले थोडं थांबा म्हण.”

“मागच्या महिन्यात थांबवलं. त्रिवेणीदीदीची भाड्याची खोली गेली. पोरं घेऊन बहिणीकडं राहून राहिली. तरी रोज ड्युटीवर येते.”

“बरं.”

“तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या पैशाले हात लावायचा नव्हता मले.”

“एका डोळ्यानं दिसते ना अजून.”

“डॉक्टर म्हणत होते, उशीर करू नका.”

“डॉक्टरले पगार वाटा लागत नाही, बेटा.”

त्यांचा नंबर आला. काउंटरवरच्या कारकुनानं विचारलं,

“अंकल, एफडी पूरी तोड़नी है?”

“हव, पूरी.”

“ब्याज कटेगा।”

“काटो.”

“यहाँ साइन कर दीजिए।”

“कहाँ?”

कौमुदीनं त्यांचं बोट धरलं आणि कागदावर सहीच्या जागी नेऊन टेकवलं.