मधल्या वॉर्डातली ब्रायनी

विनिपेगला, हॉस्पिटलातल्या कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे दोन नर्स होत्या.

"लॉर्ना, आयसीयू आणि साध्या वॉर्डाच्या मधला हा वॉर्ड तू थाटलास ना? मग ती चिमुरडी ब्रायनी तूच सांभाळ. चावली मला!"

"परवा तर तिला धड श्वास घेववत नव्हता."

"आज मास्क भिरकावला, जेली भिंतीवर मारली."

"हात बघू. अगं, दात काय छान उमटलेत!"

"हसतेस काय? पाठव तिला परत आयसीयूत."

"वेडी का तू? छातीतली घरघर गेली, वर चावतेय. आजच साध्या वॉर्डात हलवते."

"तिथल्या नर्सना काय सांगू?"

"बर्फातले जाड हातमोजे चढवा म्हणावं."

मला राहवेना. मी बाही वर केली.

"मी तिचा बाप. मला ती कालच चावली. एक दिवस उशीरच केलात तुम्ही!"