चार ताटांबद्दल

ज्या घरात जेवणाआधी उपकार मानतात त्या घरात देव कोणाला उपाशी ठेवत नाही, असं माझे सासरे म्हणायचे. तसे आम्ही उपाशी राहिलो आहोत, पण उपकार मानून राहिलो.

मी मूळची नगरकडची, वडील शाळेत शिपाई, सासरे मिशनच्या बोर्डिंगात आचारी. आता ही ताटांची पद्धत कुठून आली ते आधी सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला वेड्यासारखं वाटेल. बोर्डिंगात किती मुलं जेवायला बसलीत ते प्रार्थनेतच मोठ्यानं सांगायचे, स्वर्गीय पित्या, या साठ ताटांबद्दल तुझे उपकार मानतो, म्हणजे आत चुलीपाशी ऐकू जायचं आणि तेवढ्याच भाकऱ्या बाहेर यायच्या. देवाला आकडा कळावा म्हणून नाही, आचाऱ्याला कळावा म्हणून. सासऱ्यांनी ते घरी आणलं आणि घरी आल्यावर त्याचा धर्म झाला. पुरुषानं ताटं मोजून उपकार मानायचे, घरच्या बाईनं आमेन म्हणायचं, आणि तिच्या आमेनशिवाय कोणी घासाला हात लावायचा नाही. मध्येच पाहुणा आला तर ताट वाढवून प्रार्थना परत. भात गार झाला तरी परत.

लग्न होऊन मी चारकोपला आले. हे पार्ल्याच्या एका कॉलेजात लॅब अटेंडंट, आयुष्यभर टेस्ट ट्यूब मोजून दिल्या आणि मोजून घेतल्या, मी इकडे इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला. एक मुलगा, सुहास. तीन ताटं. वीस-बावीस वर्षं आमच्या घरात तीन ताटांबद्दल उपकार मानले गेले आणि मी आमेन म्हटलं, त्यात काही विशेष आहे असं मला वाटलं नाही.

सुहास चोवीस वर्षांचा होता, तापानं सहा दिवसांत गेला. मातीच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या वंदनाताईनं पिठलं-भाकरी आणून दिली, तिनंच वाढली, बळंच बसवलं. ह्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, स्वर्गीय पित्या, या दोन ताटांबद्दल तुझे उपकार मानतो.

काय सांगू तुम्हाला, आकडा बरोबर होता. पण माझ्या तोंडून आमेन निघेना. दोनाचे कसले उपकार? हे थांबले, भाकरी वातड झाली, मग स्वतःच आमेन म्हणाले आणि एक तुकडा मोडला. तेव्हापासून रोज तसंच. हे मोजायचे, थांबायचे, मी आमटीकडे बघत बसायची, मग हेच आमेन म्हणायचे. भांडण नाही, काही नाही. नऊ वर्षं. चर्चला मी जायची, गाणी म्हणायची, महिला संघाचा चहा करायची, फक्त आमेन नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, आमच्या मंडळीत आमेन इतक्या जोरात म्हणतात की एक कमी पडलं तर कळत नाही. ह्यांना कळायचं.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली ती थोडी परत आली, वाचा गेली ती आली नाही. माझं नाव नाही, पाणी नाही, दुखतं नाही. घरी आणलं त्या दुपारी मी दोन ताटं वाढली, ह्यांना खुर्चीत टेकवून बसवलं, आणि ह्यांनी डोळे मिटून, स्वच्छ, पहिल्यासारख्या आवाजात म्हटलं, स्वर्गीय पित्या, या चार ताटांबद्दल तुझे उपकार मानतो. पुढचं आमेन येत नव्हतं.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तीन म्हणाले असते तर मी समजले असते हो, गळ्यात पडून रडले असते. चार कोण?

डॉक्टर म्हणाले, मेंदूत पाठांतराचा कप्पा वेगळा असतो, बोलणं जातं, पाठ केलेलं राहतं. मी म्हटलं, पाठ तर दोन होतं. ते म्हणाले, आकड्याचं मनावर घेऊ नका.

मनावर घेऊ नका म्हणजे काय, रोज दोन वेळा चार. मी विचारायची, अहो, कोण आहे? तर ह्यांचं उत्तर एकच, स्वर्गीय पित्या, या चार ताटांबद्दल. दुसरे शब्दच नव्हते ना त्यांच्याकडे. आणि चार ताटं लागेपर्यंत जेवायचे नाहीत, तोंड घट्ट मिटून घ्यायचे. शेवटी मी चार वाढायला लागले, आणि हे हात पुढे करून थांबले की मीच घास भरवायची. मग बघितलं तर हे एकेका खुर्चीकडे मान वळवून मोजतात. स्वतः, मग मी, मग खिडकीकडची, ती सुहासची, तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसतात. आणि चौथी, दाराकडे पाठ असलेली, तिच्याकडे बघत नाहीत. मान खाली घालतात आणि डाव्या हातानं पाण्याचा तांब्या तिकडे सरकवतात. पाणी पहिल्यांदा तिकडे.

वंदनाताईचं घर बौद्ध, ती ह्या गोष्टी मानत नाही. म्हणाली, मार्था, हा चौथा रोज येतोच आहे तर त्याला जरा गच्चीवर पाठव ना, टाकीचा व्हॉल्व बघून ये म्हणावं. आम्ही दोघी हसलो. मग एकदा वाटी परत द्यायला आली, ह्यांची प्रार्थना चालली होती, दारातच थबकली, त्या खुर्चीच्या अगदी मागे. वाटी खाली लादीवर ठेवून गेली. आता बेल वाजवते आणि बाहेरूनच देते. काय झालं गं विचारलं तर म्हणते, काही नाही, गॅसवर दूध आहे. दूध तिच्याकडे नेहमीच असतं हल्ली.

ही गोष्ट आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर गेली. ते फार खूश झाले. म्हणाले, बाई, बायबलात त्या तिघांना जळत्या भट्टीत टाकलं तेव्हा राजाला आत चौथा दिसला, तो कोण? मी म्हटलं, साहेब, प्रभू असतील तर आनंदच आहे, पण मग हे त्यांच्याकडे बघत का नाहीत? साहेब म्हणाले, ते आदरानं. चाळीस वर्षं मी ह्या माणसाबरोबर संसार केला, आदर मला कळतो. तो आदर नव्हता.

तर कापणीच्या सणाला ह्यांची साक्ष ठरली, म्हणजे देवानं काय केलं ते मंडळीसमोर उभं करायचं. चारकोपात कोणाची शेती नाही, भोपळे मार्केटमधून आणतात, पण सण जोरात होतो. मुक्याला वाचा, असा बॅनर, त्यावर ह्यांचा सुहासच्या बारशातला फोटो कापून लावलेला. स्टेजवर टेबल, एक खुर्ची, बिर्याणीचं एक ताट, तोंडापाशी माइक. समोर दीडशे माणूस.

ह्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, स्वर्गीय पित्या, या चार ताटांबद्दल तुझे उपकार मानतो. माइकमुळे भिंतींवरून परत आलं, चार, चार. आणि हात पुढे करून थांबले.

पाळकसाहेब ओरडले, आमेन. मंडळी ओरडली, आमेन. हे हलले नाहीत, मला आधी वाटलं ताटं कमी आहेत म्हणून. साहेबांनी परत म्हणवलं. कोणी टाळ्या वाजवल्या, त्या अर्ध्यात बंद पडल्या. ह्यांचा हात ताटाच्या वर, तसाच, आणि मान खाली. दीडशे माणसांत हा माणूस आमच्या स्वयंपाकघरात बसला होता, आणि माझ्यासाठी थांबला होता. किती वर्षं थांबला होता. माझं आमेन नाही म्हणून रोज तो त्या चौघांत एकटा बसत होता, जे कोण असेल त्याच्यासमोर, आणि मी आमटीत बघत होते. सुहास आला नि गेला, हे झटक्यातून घरी आले, हे उरले, सगळं एकदम डोळ्यासमोर आलं. मी तिसऱ्या रांगेत होते. उठले. हळूच म्हटलं, आमेन.

माइक नव्हता मला. पण ह्यांनी मान वर केली आणि जेवायला लागले. सगळी बिर्याणी खाल्ली, लोक बघत होते.

आता घरी मी रोज म्हणते. चौथ्याकडे हे अजून बघत नाहीत, पण हात ताटावर अडत नाही. मी विचारायचं सोडलंय. कोणीही असो, ताटावर बसलेल्याला उठवायचं नसतं, आणि दोनाचे उपकार ज्यानं नऊ वर्षं एकट्यानं मानले त्याच्या चारांना आमेन म्हणायला माझं काय जातं. तुम्ही पण पाणी पिऊन जा, देव तुमचं भलं करो. नको, त्या खुर्चीत नको, इकडे बसा.

अन्न टाकवत नाही, म्हणून सुहासच्या आणि चौथ्याच्या ताटातलं दुपारी मी संपवते. कधी कधी चौथं ताट उचलताना हलकं लागतं. मोतीबिंदू आहे मला, म्हणून नजरेचं नाही, हाताचं सांगते. परवा शुगरचे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही दोघांचं जेवताय की काय? मी म्हटलं, तिघांचं, कधी कधी अडीच. त्यांनी गोळी वाढवली.